तळहातावरचे तांबूस डाग

मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात. नागपुरात या दिवसांत अंगावर पुरळ उठलं की घरोघरी एकच निदान होतं: गरमी झाली. गंमत म्हणजे जुन्या बोलीत 'गरमी' हे उपदंशाचंही नाव आहे. उपदंश म्हणजे सिफिलिस, लैंगिक संबंधातून पसरणारा आजार.

घामोळं खाजतं, टोचतं, आणि तळहात-तळपायांवर येत नाही. उपदंशाच्या दुसऱ्या टप्प्यातलं पुरळ बहुधा खाजत नाही, आणि तळहात-तळपाय ही त्याची ठरलेली जागा. सावळ्या त्वचेवर ते तांबूस-तपकिरी दिसतं, कधी कडेला पापुद्रा सुटतो. भेगाळलेल्या टाचांजवळ तर नजरेतूनच सुटतं.

सोबत कणकण, घसादुखी, मानेत-काखेत-जांघेत न दुखणाऱ्या गाठी. डोक्यावरचे केस कसर लागल्यासारखे ठिकठिकाणी विरळ होतात. तोंडात पांढरट चट्टे, गुद्द्वाराजवळ किंवा जननेंद्रियावर ओलसर, चपटे उंचवटे. या उंचवट्यांना चामखीळ समजणं महागात पडतं, कारण त्यांतून जंतू सर्वांत सहज पसरतात.

काही आठवड्यांपूर्वी एक न दुखणारी जखम होऊन गेलेली असते. ती आपोआप भरते, म्हणून कोणी बोलत नाही. पुरळही उपचाराशिवाय जातं. दुकानातून आणलेलं मलम लावलं असेल, तर श्रेय मलमाला मिळतं. जंतू मात्र शरीरातच राहतात.

नागपुरातलं मेडिकल असो वा मेयो, या सरकारी रुग्णालयांच्या त्वचा व गुप्तरोग विभागात जाऊन तपासणीसाठी रक्त द्यायचं: उपदंशाची व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणी, आणि खात्रीसाठी टीपीएचए चाचणी. इथे एक मेख आहे. या टप्प्यात रक्तातली प्रतिपिंडं (जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) इतकी वाढलेली असतात की, कधी कधी व्हीडीआरएल चाचणीत 'पॉझिटिव्ह' दाखवणाऱ्या गुठळ्याच धरत नाहीत आणि अहवाल 'निगेटिव्ह' येतो. लक्षणं जुळत असतील, तर तोच नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं. एचआयव्हीची तपासणीही त्याच वेळी.

उपचार एकाच दिवसाचा: बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्यात. औषध दुधासारखं दाट असतं. नीट हलवलं नाही तर सुई अडकते. ते स्नायूतच द्यायचं, शिरेत कधीच नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. गरोदरपणात मात्र पेनिसिलिनच; ॲलर्जी असल्यास रुग्णालयात आधी शरीराला त्याची सवय करून देतात. दिसायला किंवा ऐकायला कमी येत असेल, तर हा एक दिवसाचा उपचार पुरत नाही. भरती व्हावं लागतं.

इंजेक्शननंतर चोवीस तासांत थंडी-ताप येऊन पुरळ भडकू शकतं. अनेकजण याला ॲलर्जी समजून घाबरतात. मरणाऱ्या जंतूंमुळे होणारी ही प्रतिक्रिया दिवसभरात ओसरते. श्वास लागला किंवा ओठ सुजले, तर ती गोष्ट वेगळी, लगेच डॉक्टर गाठावा.

जोडीदाराची तपासणी आणि उपचारही त्याच वेळी, नाहीतर आजार परत येतो. पुढे ६ आणि १२ महिन्यांनी व्हीडीआरएल करून पाहायची. रक्त किती पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते, ते अहवालात असतं; १:६४ चं १:१६ किंवा त्याहून कमी झालं, तर औषध लागू पडलं. टीपीएचए मात्र बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, म्हणून जुने अहवाल आणि इंजेक्शनची चिठ्ठी फाईलमध्ये जपून ठेवायची.