तीन माणसं, एक होडी आणि जप्तीचा माल

माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल आपल्याला शाळेत दीड ओळ असते, लिंकनने गुलाम मुक्त केले, पुढचा प्रश्न. आज मला लिंकनबद्दल कमी बोलायचंय. गुलामांच्या जिवावर चालणारा एक अख्खा समाज चार वर्षांत आतून कसा उसवत गेला, आणि तो कोणी उसवला, त्याबद्दल बोलायचंय.

आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवून घ्या. १८६० च्या जनगणनेत तिथे साधारण ४० लाख गुलाम होते, मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायना या दोन राज्यांत तर निम्म्याहून जास्त लोक गुलाम. आपण गुलाम म्हटलं की राबणारे हात एवढंच डोळ्यांसमोर आणतो, पण मालकाच्या लेखी तो माणूस म्हणजे गहाण ठेवता येणारी, मुलीला लग्नात देता येणारी, कर्ज थकलं तर लिलावात काढता येणारी मालमत्ता होती. देशातली सगळी रेल्वे आणि सगळे कारखाने एकत्र केले तरी या माणसांची 'बाजारभावाने' किंमत त्याहून जास्त भरायची. म्हणजे तिथली बँक, कापसाचा व्यापार, मुलीचं लग्न, बापाचं मृत्युपत्र, सगळं या एका गोष्टीवर उभं. आणि तरी गंमत अशी की दक्षिणेतल्या साधारण ३ गोऱ्या घरांपैकी २ घरांकडे एकही गुलाम नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गुलामीची दक्षिणेकडची राज्यं देशातून फुटायला लागली आणि एप्रिल १८६१ मध्ये लढाई सुरू झाली. उत्तरेचं सरकार तेव्हा घसा फोडून सांगत होतं की आम्ही देश एकत्र ठेवायला लढतोय, गुलामगिरीला हात लावणार नाही. आणि मग २३ मे च्या रात्री व्हर्जिनियात तीन माणसं होडीत बसून निघाली, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. तिघंही गुलाम. मालकाने त्यांना दक्षिणेच्या फौजेसाठी तोफांचा मोर्चा बांधायच्या कामावर लावलं होतं. ते होडी वल्हवत समोरच्या फोर्ट मनरो या उत्तरेच्या किल्ल्यावर गेले आणि म्हणाले आम्हाला आत घ्या.

दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन दारात हजर. आमची माणसं परत द्या, पळालेला गुलाम परत करायचा कायदा आहे तुमच्याच देशाचा. किल्ल्याचा जनरल बटलर, हा मूळचा वकील, आणि वकील तो वकीलच. तो म्हणाला, अहो तुम्ही तर आमच्या देशातून फुटलात ना, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? मालकाने येऊन देशाशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं घेऊन जावीत. तोवर हे तिघं म्हणजे शत्रूच्या युद्धाच्या कामी येणारा माल, तो मी जप्त केलाय.

माल! बटलरने त्यांना माणूस म्हणून मोकळं केलं नाही, मालकाचाच शब्द उचलला आणि मालकावर उलटवला. गुलामगिरीचा पाया म्हणजे मालमत्तेचा हक्क, आणि त्याच हक्काच्या भाषेने पहिली वीट निखळली. (वकिलांना आपण एरवी नावं ठेवतो, इथे मात्र दाद द्यावी लागते.)

ही बातमी मळ्यामळ्यांत कशी पोचली देव जाणे, कारण गुलामांना लिहावाचायला शिकवणं दक्षिणेत बहुतेक ठिकाणी गुन्हा होता. पण काही दिवसांत लोक डझनांनी यायला लागले, मग शेकड्यांनी, बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. आता पोरं काही तोफांचा मोर्चा बांधत नव्हती, मग ती 'युद्धाचा माल' कशी? दर महिन्याला असा एक प्रश्न वॉशिंग्टनच्या टेबलावर येऊन पडायचा आणि मग कायदा एक पाऊल पुढे सरकायचा. ऑगस्ट १८६१ ला जप्तीचा पहिला कायदा, जुलै १८६२ ला दुसरा, आणि १ जानेवारी १८६३ ला लिंकनची ती गुलाममुक्तीची प्रसिद्ध घोषणा, जी उत्तरेच्या बाजूला राहिलेल्या केंटकी, मेरीलँड वगैरे गुलामीच्या राज्यांना लागूच नव्हती. माणसं आधी चालत आली, कागद मागून आला. युद्ध संपेपर्यंत असे चार-पाच लाख लोक आले. छावण्यांत हाल कुत्रं खाणार नाही असे होते, देवीची साथ आली, हजारो मेले, तरी लोक येत राहिले.

आता दक्षिणेत घरात काय चाललं होतं ते बघा. तरुण गोरे फौजेत गेले, मळ्यावर मालकीण आणि एखादा म्हातारा मुकादम. काम मंदावलं, उलट उत्तरं यायला लागली, रोज सकाळी कोणीतरी गायब. म्हणून ऑक्टोबर १८६२ मध्ये त्यांच्या सरकारने कायदा केला की ज्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम आहेत तिथल्या एका गोऱ्याला सक्तीच्या भरतीतून सूट. आणि मघाशी सांगितलेली ती गुलाम नसलेली घरं? ती खवळली. लढाई श्रीमंताची आणि मरायचं गरिबाने. एप्रिल १८६३ मध्ये दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, भुकेल्या बायकांनी दुकानं फोडली. गोरे सगळे एक आहेत या कल्पनेवर तो समाज उभा होता, तिला तडा गेला.

दुसरा तडा बंदुकीचा. उत्तरेच्या फौजेत जवळपास १ लाख ८० हजार काळे सैनिक झाले, बरेचसे कालचे गुलाम. गोऱ्याला पगार १३ डॉलर, यांना १० आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून, तो अन्याय १८६४ मध्ये दूर झाला तोही भांडून. इकडे दक्षिणेकडे माणसं संपत आली तेव्हा तिथेही कोणीतरी म्हणालं, आपणही गुलामांना सैनिक करूया का? तेव्हा दक्षिणेच्याच फौजेतल्या, जॉर्जियाच्या जनरल हॉवेल कॉबने लिहिलं की गुलाम चांगले सैनिक ठरले तर गुलामगिरीची आपली सगळी थिअरीच चूक ठरते. तरीही मार्च १८६५ मध्ये त्यांनी ते केलंच, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा सेनापती ली शरण गेला.

इथपर्यंत गोष्ट वर चढत जाते. पण मला जास्त छळते ती पुढची. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शेर्मनने सव्हाना शहरात २० काळ्या धर्मगुरूंना बोलावून विचारलं की तुम्हाला काय हवंय. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलला, ६७ वर्षांचा, हजार डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला सोडवलेला माणूस. त्याचं उत्तर सरळ होतं, जमीन द्या, आम्ही आमच्या कष्टाने कसू. चार दिवसांत हुकूम निघाला, किनाऱ्याची जमीन, कुटुंबामागे ४० एकरपर्यंत. साधारण ४० हजार लोक वसले. मग लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी त्याने बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. म्हणजे ज्यांनी देशाविरुद्ध बंड केलं त्यांना!

मग काय उरलं? बटाई. जमीन मालकाची, बियाणं आणि किराणा उधारीवर, हंगामाच्या शेवटी वहीत बाकी निघायचीच. हे विदर्भात-मराठवाड्यात वेगळं समजवायची गरज नाही. गुलामगिरी संपवणाऱ्या १३ व्या घटनादुरुस्तीतही 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून' अशी फट होती, त्या फटीतून रिकामं फिरल्याबद्दल धरलेली माणसं पुन्हा मळ्यांवर भाड्याने गेली.

पण सगळं वायाच गेलं असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आधी ज्या मिसिसिपीचा सिनेटर होता, त्याच राज्यातून १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटमध्ये गेला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यातून 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली तेव्हा हा प्रयोग जिवंत होता, चार वर्षांनी, १८७७ ला दक्षिणेत राहिलेली उत्तरेची फौज मागे हटली आणि तो गुंडाळला गेला. त्या अर्पणपत्रिकेत गुलामांना सोडवणाऱ्यांचे आभार आहेत, मला मात्र ती वाचताना दरवेळी होडीतले तिघं आठवतात.

आणि एक, मग थांबतो. मोकळं झाल्यावर या लोकांनी पहिल्यांदा केलं काय? लग्नं नोंदवली. गुलामाच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती, म्हणून वीस-वीस वर्षं संसार केलेली जोडपी नोंदणीच्या रांगेत उभी राहिली. म्हातारी माणसं लहान पोरांशेजारी बसून अक्षरं गिरवायला लागली. आणि वर्तमानपत्रांत जाहिराती यायला लागल्या, विकल्या गेलेल्या आईच्या, भावाच्या, लेकीच्या शोधाच्या, सोबत मालकाचं नाव, कारण आईचं आडनाव बऱ्याचदा माहीतच नसायचं. लढाई संपून तीस-चाळीस वर्षं झाली तरी त्या जाहिराती छापून येत होत्या.