मोरी एक, वाटा दोन

[दृश्य: रस्त्याखालची नळमोरी. वरच्या बाजूला पाणी चढतंय.]

मोरीच्या तोंडाशी पाणी तुंबलं की रस्त्याचा भराव बांध होतो आणि रस्त्याचा माथा त्याचा सांडवा. एसडब्ल्यूएमएम (SWMM), म्हणजे पावसाच्या पाण्याच्या प्रवाहाचा हिशेब करणारा संगणक प्रोग्राम, त्यात हेच चित्र उभं करायचं: मोरी म्हणजे कंड्युट (पाणी वाहून नेणारा पाइप), रस्ता म्हणजे वीअर (ज्यावरून पाणी उलटतं तो बांध), आणि दोन्ही शेजारी-शेजारी, त्याच दोन नोडमध्ये (जोडबिंदूंमध्ये).

कंड्युटला कल्व्हर्ट कोड (मोरीच्या तोंडाचा प्रकार सांगणारा आकडा) द्यायला विसरलात, तर प्रोग्रामच्या लेखी तो साधा पाइप. प्रवाह तोंडाशीच अडतोय का, हे मग तपासलंच जात नाही. कोड तोंडाच्या घडणीवरून निवडायचा. हेडवॉलमध्ये (तोंडाच्या भिंतीत) चौकोनी कडेने बसवलेल्या काँक्रीट पाइपला प्रवेशहानीचा, म्हणजे तोंडाशी वाया जाणाऱ्या ऊर्जेचा, गुणांक ०.५, भरावातून बाहेर आलेल्या पन्हळी पत्र्याच्या पाइपला ०.९. राउटिंग, म्हणजे प्रवाह पुढे नेण्याची गणितपद्धत, 'डायनॅमिक वेव्ह'च हवं.

[दृश्य: रस्त्यावरून वाहणारा पाण्याचा पातळ थर]

वीअरचा प्रकार 'रोडवे'. त्यात रस्त्याची रुंदी आणि पृष्ठभाग भरायचा, पक्का की खडीचा. नोडचा तळ ९८.०० मीटरवर आणि रस्त्याचा माथा १००.५० वर असेल, तर ऑफसेट (तळापासूनची उंची) २.५० मीटर. ऑफसेट पातळीने मोजायचा पर्याय चालू असेल, तर मात्र १००.५० च लिहा; ही गल्लत फार होते.

हा थर किरकोळ समजू नका. वीअरची २० मीटर लांबी, २० सेंटिमीटर खोली, वीअरचा गुणांक १.६, म्हणजे सेकंदाला सुमारे २.९ घनमीटर. १.२ मीटर व्यासाचा पाइप, तोंडाशी १.८ मीटर पाणी असताना, साधारण तेवढंच वाहून नेतो.

रस्ता मध्ये खोलगट असेल, तर सगळ्या लांबीला सर्वांत खालची पातळी दिल्यास पाणी फुगवून दाखवलं जातं, आणि सरासरी दिल्यास ते उशिरा उलटतं. तीन-चार वीअर करा, प्रत्येकाची पातळी वेगळी.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर नोडचे गुणधर्म]

खरा घोळ इथे. नोडची कमाल खोली कमी ठेवली, तर पाणी त्यापलीकडे चढतच नाही. पाँडिंग (नोडवर पाणी साचू देण्याचा पर्याय) बंद असेल, तर जादा पाणी 'फ्लडिंग' म्हणून हिशेबाबाहेर जातं. वीअरवर पाणी कमी, खालचा नाला निवांत, आणि आलेख मात्र देखणा! कमाल खोली रस्त्याच्या माथ्याच्या बरीच वर न्या. मोरीमागे तळं साचत असेल, तर साध्या नोडऐवजी स्टोरेज नोड (पाणी साठवणारा) घ्या आणि पातळीनुसार क्षेत्रफळ भरा.

राहिला टाइम स्टेप, म्हणजे हिशेबाचा वेळ-टप्पा. मोरी १२ मीटर, पाणी १.५ मीटर खोल, वेग सेकंदाला २ मीटर. लाट दोनेक सेकंदांत पार होते. तिथे ३० सेकंदांचा टप्पा ठेवला, तर प्रवाहाचा आलेख करवतीसारखा दातेरी होतो. १ सेकंदावर आणा, पुन्हा चालवा आणि अहवालात नोड फ्लडिंगचा तक्ता आधी उघडा.