डिजिटल रेडिओ घ्यावा का? सीमाभागातल्या श्रोत्यासाठी

नमस्कार मंडळी. विषय सरळ आहे, म्हणून उत्तर आधी देतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहून मराठी ऐकण्यासाठी कुणी हजारो रुपये घालून डिजिटल रेडिओ घेणार असेल, तर आज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तंत्र उत्तम आहे. पण ते आपल्या कानापर्यंत मराठी आणत नाही, आणि आपला प्रश्न तेवढाच आहे.

आधी एक घोळ दूर करू. डिजिटल रेडिओ म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक युरोपातली, डॅब नावाची. बीबीसीनं ती १९९५ साली सुरू केली. नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून सगळं तिच्यावर नेलं, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक वाहिन्यांनी २०२४ च्या अखेरीस तेच केलं. भारतात त्या पद्धतीचं नियमित प्रसारण नाही. त्यामुळे भाच्यानं लंडनहून आणलेला देखणा संच इथे फक्त एफएमपुरता चालेल.

दुसरी पद्धत डीआरएम. आकाशवाणीनं हीच निवडली आणि मध्यम लहरींचे, म्हणजे मीडियम वेव्हचे, पस्तीसेक प्रक्षेपक तिच्यासाठी सज्ज केले. त्यांत मुंबई आहे, पुणे आहे, आपल्या जवळचं धारवाड आहे. या पद्धतीत मध्यम लहरींवरही आवाज एफएमसारखा स्वच्छ येतो, एकाच जागेवर दोन कार्यक्रम बसतात, पडद्यावर मजकूर दिसतो आणि प्रक्षेपकाला वीज कमी लागते. हे सगळं खरं आहे.

मग अडतं कुठे? सीमाभागातला मराठी माणूस हा मुळात लांबचं स्टेशन ऐकणारा श्रोता आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. जवळचं मोठं केंद्र धारवाड, ७६५ किलोहर्ट्झ, २०० किलोवॅट. ते कन्नडचं. मराठीसाठी सुई न्यायची ती सांगलीच्या १२५१ वर किंवा पुण्याच्या ७९२ वर. सांगलीचा प्रक्षेपक २० किलोवॅटचा, म्हणजे धारवाडच्या एक दशांश. आवाज यायचा तो खरखरीतून, कधी वर कधी खाली, आणि तरी बातम्या कळायच्या, कीर्तन कळायचं. माणसाचा कान खरखरीतून शब्द वेचून काढतो. जुन्या पद्धतीत सिग्नल निम्मा झाला तर आवाज खराब होतो, पण अर्थ पोहोचतो.

डिजिटलमध्ये तसं होत नाही. सिग्नल एका पातळीच्या वर असला की स्वच्छ आवाज, त्याखाली गेला की आधी तुकडे आणि लगेच शांतता. मधली अवस्था जवळजवळ नाहीच. शिवाय एकाच प्रक्षेपकावरून जुनं आणि डिजिटल शेजारी शेजारी चालवायचं असेल, तर ताकदीचा मोठा वाटा जुन्याला जातो. म्हणजे प्रक्षेपकाजवळच्या श्रोत्याला भरपूर फायदा आणि दीडशे किलोमीटरवरच्याला कोरी पाटी. आपण बहुतेक दुसऱ्या रांगेत बसतो. रात्री मध्यम लहरी आकाशातल्या थरांवरून परतून लांबवर जातात, त्या वेळी पुणं इथे जोरात लागतं, पण तो सिग्नल सारखा हलत असतो आणि डिजिटलला असलं हलणं सोसवत नाही.

म्हणजे संच घेतलात तर भरवशानं मिळणार ते धारवाड. त्याला मी कमी लेखत नाही. थोर शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते. किराणा आणि जयपूर गायकीचा केवढा वारसा त्या परिसरात आहे, हे इथल्या रसिकांना सांगायला नको. कन्नड संतांची वचनं आणि शास्त्रीय संगीत स्वच्छ आवाजात ऐकायची ज्याला ओढ आहे, त्यानं संच जरूर घ्यावा. मराठीसाठी घेत असाल तर थांबा.

आता फोन. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर सांगली, पुणे, मुंबई, रत्नागिरी सगळं मिळतं. सेकंदाला ६४ किलोबिटचा प्रवाह धरला तर तासाला २९ एमबीच्या आसपास डेटा जातो, म्हणजे फार नाही. बेळगाव शहरात राहणाऱ्या तरुणाला मी हेच सुचवीन. पण कणकुंबी, जांबोटीकडच्या वस्तीत पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते तेव्हा फोनचं काय करायचं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या, चिकोडी, अथणी, गोकाककडे गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा वेळी टॉवरची बॅटरी उतरते, आणि उरलेल्या टॉवरवर सगळा गाव तुटून पडतो. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह लागतो. प्रक्षेपकाला मात्र एक श्रोता काय आणि एक लाख काय, भार तेवढाच. म्हणून बॅटरीच्या सेलवर चालणारा रेडिओ घरातून जाऊ देऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो.

एफएमचं थोडक्यात. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपलं. निपाणीच्या उघड्या माळावर कोल्हापूरचं १०२.७ धरता येतं, खानापूरच्या खोऱ्यात नाही. बेळगाव शहरात केएलई या शिक्षणसंस्थेचा वेणुध्वनी हा ९०.४ वरचा सामुदायिक रेडिओ आहे, पण अशा केंद्रांची ताकद मुळातच शहरापुरती. फोनमध्ये एफएम असेल तर त्याला इंटरनेट लागत नाही, इअरफोनची वायर हीच त्याची एरिअल. कंपन्यांनी ही सोय काढून टाकू नये, अशी सूचना केंद्र सरकारनं २०२३ मध्ये दिली होती. नवा फोन घेताना दुकानदाराला हे विचारा.

घरी बंद पडून असलेला ट्रान्झिस्टर असेल तर तो बाहेर काढा. बऱ्याच वेळा दोष रेडिओचा नसतो. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, चार्जर मध्यम लहरींवर भयंकर खरखर करतात. एकेक बंद करून बघा, संच खिडकीपाशी न्या. आत फेराइटची कांडी असते, तीच मध्यम लहरींची एरिअल, आणि ती दिशा ओळखते. संच हळूहळू फिरवला की एका जागी आवाज भरतो, आणि नको असलेलं शेजारचं स्टेशनही असंच दाबता येतं. सांगली लागत नाही म्हणणाऱ्यांनी संध्याकाळ होण्याआधी, दिवे लागायच्या आत एकदा असं करून पाहावं. नवा मध्यम लहरींचा संच घ्यायचा असला तरी आधी कुणाचा तरी मागून आणा आणि स्वतःच्या घरात लावून बघा. कारण गेल्या काही वर्षांत आकाशवाणीनं मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद केले आहेत. कुठलं स्टेशन आज चालू आहे, हे जुन्या आठवणीवर ठरवू नका.

ज्यांच्याकडे अलीकडची गाडी आहे त्यांना एक गोष्ट फुकट करता येईल. मारुती, ह्युंदाई यांच्या कितीतरी गाड्यांत डीआरएम आधीपासून बसवलेलं असतं आणि मालकाला ठाऊकही नसतं. धारवाडकडे हमरस्त्यानं जाताना कित्तूरच्या पुढे ७६५ च्या आसपास शोधून बघा. आवाजातला फरक कानाला कळेल, आणि कुठपर्यंत टिकतो तेही कळेल.

दूरसंचार नियामक प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओबद्दल शिफारशी केल्या, त्या सुरुवातीला १३ मोठ्या शहरांपुरत्या आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, बेंगळुरू त्यांत येतात, बेळगाव येत नाही. म्हणजे इथे घाई करण्याचं कारण नाही.

माझं मत कधी बदलेल? मराठीचं एखादं केंद्र पूर्ण ताकदीनं डिजिटल होऊन इथे पोहोचलं आणि संच दोनेक हजारांत मिळू लागला, तर मीच पहिला घेईन. तोवर एक काम आपल्या हातात आहे. जे केंद्र ऐकता त्याला पत्र लिहा. गावाचं नाव, तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, आवाज कसा होता आणि कुठला कार्यक्रम ऐकलात, एवढंच लिहायचं. सीमेपलीकडे आपले श्रोते आहेत, हे केंद्राला अशा पत्रांतूनच कळतं, आणि कुठला प्रक्षेपक ठेवायचा, कुठला बंद करायचा याचा विचार होताना तो कागद फाइलीत असायला हवा. मराठीत लिहा, सही करा, आणि या आठवड्यातच टाका.