खेडूत

(दृश्य : पहाट. खंडेराव मार्केटची मागची बाजू. बडोद्याजवळच्या पाद्रा गावाहून आलेल्या टेम्पोतून मेथीच्या जुड्या उतरताहेत.)

बडोद्याचं खंडेराव मार्केट. 1906 साली बांधलेलं, समोरून एखाद्या राजवाड्यासारखं. माझी आजी दांडिया बाजारातून पिशवी घेऊन चालत इथे यायची. पाद्र्याच्या एका भाजीवाल्याशी तिची ठरलेली घासाघीस. भाव पटला नाही की म्हणायची, "अरे, तू खेडूत माणूस, तुला काय सांगायचं!" तो खूश होऊन म्हणायचा, "हा बा, हुं खेडूत छुं." आणि पिशवीत कोथिंबिरीची जुडी वरकड टाकायचा.

हे कोडं मला फार उशिरा उलगडलं. मराठीत खेडूत म्हणजे खेड्यातला, शहराची रीत न कळणारा. गुजरातीत खेडवुं म्हणजे नांगरणं, आणि नांगरतो तो खेडूत. आजी त्याला अडाणी म्हणत होती. त्याच्या कानावर 'शेतकरी' पडत होतं.

(दृश्य : मोडीतला जुना कागद. ओळीवरून बोट फिरतंय.)

आपण मराठी माणसं या मुलखात आलो ती गायकवाडांच्या फौजेबरोबर, आणि मग दफ्तरात बसलो. म्हणून आमच्या घरातले शेतीचे शब्द सगळे वहीतले. सारा, खंड, इनाम, खातेदार. आणि कूळ. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या या कागदात जमिनीच्या चारही हद्दी लिहिल्यात, आंब्याची झाडं मोजलीत. ती जमीन कसणारा मात्र नुसता 'कूळ'. देवघरात ज्या कुळाचा आचार आपण जिवापाड सांभाळतो, तोच शब्द. या कुळाला नाव नाही.

(दृश्य : तरुण सयाजीरावांचं छायाचित्र.)

पण याच बडोद्यात दुसरंही घडलं. महात्मा फुले 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. सयाजीराव तेव्हा विशीचे, नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. त्यांनी हा ग्रंथ जोतीरावांकडून वाचवून घेतला आणि सगळा लक्ष देऊन ऐकला, असं जोतीरावांनीच प्रस्तावनेत नोंदवलंय. त्याच प्रस्तावनेत ते नावांचा उलगडा करतात : नुसती शेती करतो तो कुणबी, कुळवाडी, शेती सांभाळून बागाईत करू लागला तो माळी, मेंढरं पाळू लागला तो धनगर. म्हणजे आज जाती म्हणून वेगळी बसलेली ही माणसं मुळात कामावरून ओळखली गेली. राजाच्या कानावर हे पडलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कुणबी हा शब्द संस्कृत कुटुंबी वरून आला. कुटुंबासह जमीन कसणारा. गुजरातीत तोच कणबी.

(दृश्य : बैल, नांगराचा फाळ, उलथलेली काळी माती.)

वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्याला आपण सालगडी म्हणतो. पाडवा ते पाडवा त्याचं साल. गुजरातीत त्याला म्हणतात साथी. पगारात त्यानं फरक पडत नाही, तरी माणसाला गडी म्हणण्यापेक्षा साथी म्हणणं मला मोठं वाटतं. गोड शब्दांनी सगळं झाकलं जात नाही, हेही खरं. गायकवाडांच्याच नवसारी प्रांतात हाळी होते. हळ म्हणजे नांगर. नाव नांगरावरून, पण जमीन दुसऱ्याची. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी बाप बांधलेला आणि मागून पोरंही.

(दृश्य : सातबाराचा उतारा.)

1 मे 1949 ला बडोदं मुंबई राज्यात आलं, आणि 1948 चा कुळकायदा नाशिकला तसाच इथेही लागू झाला. तिकडचं कूळ, इकडचा गणोतियो. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन : त्या दिवसापासून कसणारा कायद्यानं मालक मानला गेला. सातबारा तर आजही दोन्ही राज्यांत सातबाराच. ट्रंकेतल्या कागदावरच्या 'कूळ' या शब्दाजागी तिथे माणसाचं नाव आलं, बापाच्या नावासह.

(दृश्य : करजणकडचं कापसाचं शेत, उन्हं चढलेली. कॅमेरा हातांजवळ.)

वेचणी चालू आहे. कमरेला बांधलेल्या फडक्याची झोळी फुगलीय. बोंड वाळलं की त्याच्या कडा सुईसारख्या होतात; बाईंच्या नखांच्या कडेला बारीक बारीक ओरखडे आहेत. दोन बोटांनी कापूस असा ओढायचा की पाचोळा संगं येता कामा नये. संध्याकाळी वजन होणार, किलोवर पैसे.

आपल्याकडे शेतकरीण म्हटलं की शेतकऱ्याची बायकोच डोळ्यांपुढे येते. म्हणून त्यांना आजीचाच शब्द विचारला, गुजराती अर्थानं. तमे खेडूत?

त्यांनी हात न थांबवता मान हलवली. "खेडूत तो शेठ. अमे तो दाडीए आवीए."

दाडी म्हणजे दिवसाची मजुरी. एवढं बोलून त्या पुढच्या झाडाकडे सरकल्या. अर्धी ओळ अजून पांढरी होती.