गच्चीतलं ब्रह्मकमळ आणि डोंगरावरचं

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात एखाद्या रात्री दहाच्या सुमाराला शेजारून हाक येते, "अहो, लवकर या, ब्रह्मकमळ उमलतंय!" मग अख्खा मजला गच्चीत जमतो. कुणी हळदकुंकू वाहतं, कुणी मोबाइल सरसावतं. त्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही. पण ते झाड मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा निवडुंग आहे. ज्याला आपण पान म्हणून कुंडीत खोचतो, तेही पान नव्हे, चपटं खोड.

खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, आणि तेही कमळ नाहीच. शेवंती-सूर्यफुलाचं कूळ त्याचं. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल. घांघरियाहून हेमकुंडाची ती जीवघेणी चढण, धाप लागून आपण दगडावर टेकतो, आणि बाजूच्या कपारीत ते उभं असतं. हातभरही उंची नाही. वर फिकट हिरवट-पिवळ्या, बटरपेपरसारख्या पानांची ओंजळ. त्या पाकळ्या नव्हेत, सहपत्रं आहेत. बोगनवेलीचा रंग असतो ना, तसलाच प्रकार. ओंजळीत वाकून पाहिलं की तळाशी जांभळट, बारीक फुलांचे गेंद दिसतात. ती खरी फुलं. ऊन पडलं की ओंजळीतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार होते, आणि पाऊस आला तरी पराग धुऊन जात नाहीत.

हे घोंगडं त्याला शिवून दिलं कुणी? डोंगराने.

सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि जमीन चुरगळत वर येऊ लागली. हजार मीटर चढलं की तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं. म्हणजे वर नवी, थंड, उघडीबोडकी जागा तयार होत होती. ज्याला गारठा सोसेल, त्याला ती मोकळी.

ब्रह्मकमळाच्या वंशात आज चारशेच्या आसपास जाती आहेत. पण नुसत्या थंडीने इतक्या जाती झाल्या नसत्या. डोंगर वाटण्या करतो, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. हिमालयाच्या पूर्वेला, चीनच्या बाजूला हंगदुआन पर्वतरांगा आहेत. साल्वीन, मेकाँग आणि यांगत्झे या तीन नद्या तिथे खोल घळी कापत शेजारीशेजारी वाहतात. समोरचं शिखर डोळ्यांना दिसतं, पण थंडीत वाढलेल्या रोपट्याला मधली उष्ण दरी समुद्राइतकीच दुस्तर. भावकी फुटते तशी एकाच झाडाची पिढी शिखराशिखरांवर वेगळी पडते आणि वेगळी होत जाते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या वनस्पतींची वंशावळ मांडली, तेव्हा गेल्या 80 लाख वर्षांत, डोंगर उंचावत असतानाच, जाती फुटण्याचा वेग वाढलेला दिसला. पुढे हिमयुगं आली. बर्फ उतरला की झाडं खाली सरकायची, एकमेकांत मिसळायची, बर्फ हटला की पुन्हा वर. ब्रह्मकमळाच्या वंशातल्या त्या चारशे जाती अशाच वाढल्या.

दक्षिण अमेरिकेतला अँडीज तर याहून घाईचा. तिथे ल्युपिन नावाची झाडं आहेत, आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातली. उंचावरच्या त्यांच्या 81 जाती अवघ्या 15 लाख वर्षांच्या आसपास उपजल्या, असा अंदाज आहे. उत्क्रांतीच्या हिशेबात हे म्हणजे दुपारची डुलकी.

गंमत पुढेच आहे. एकमेकांशी नातं नसलेल्या झाडांनीही थंडीवर तोच तोडगा काढला. सिक्कीमच्या उंच कड्यांवर रेवाचिनीची एक चुलत बहीण वाढते. एकोणिसाव्या शतकात जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. माणसाहून उंच होऊ शकणारा हा मनोरा, पिवळट, अर्धपारदर्शक सहपत्रांनी कौलं शाकारावीत तसा शाकारलेला. ती उजेड आत सोडतात आणि अतिनील किरण अडवतात. चक्क काचघर! ब्रह्मकमळाचं सख्खं भावंड फेनकमळ मात्र काचेच्या भानगडीत पडलं नाही. ते लोकरीत असं गुरफटून बसतं की लांबून कुणी कापसाचा गोळा टाकून गेलंय असं वाटावं.

"मग खरं ब्रह्मकमळ कुंडीत लावता येईल का हो?" असं मला हमखास विचारतात. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात घोंगडं पांघरून कोण बसेल, सांगा? गच्चीला आपला निवडुंगच बरा. आणि तुमच्याकडची कळी आज फुगलेली दिसत असेल, तर रेडिओ बंद करा आणि आधी शेजाऱ्यांना हाक मारा.