हा वाळा माठात टाकायचा नाही

[दृश्य: पहाट. नाल्याकाठचं शिवार. डिझेल इंजिनाची धडधड.]

जालना जिल्ह्यातलं हे एक शिवार. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं, तर उद्यापासून इथल्या मेथीच्या जुडीला गिऱ्हाईक मिळणार नाही. दोष मेथीचा नाही, मेथी लावणाऱ्याचाही नाही.

वरच्या अंगाला कारखाने, खालच्या अंगाला शेतं, मधून नाला. पूर्वी हा पावसाळ्यापुरता वाहायचा. आता कारखान्यांच्या सांडपाण्यानं बारा महिने वाहतो. ज्या मुलखात उन्हाळा म्हणजे टँकरची वाट, तिथं बारमाही पाणी दारावरून जात असेल तर ते कोण सोडेल? इंजिन बसलं, पाइप पडला, वाफे हिरवे झाले.

[दृश्य: मामा बांधावर बसलेले. हातात कांद्याची पात.]

"पाणी तर साफ दिसतं भाऊ. वास बी येत नाही. मंग तिसऱ्या सालापासून पात पिवळी काहून पडायली?"

याचं उत्तर बांधावर उभं राहून देता येत नाही. पात लोह कमी पडल्यानंही पिवळी होते, पाणी तुंबल्यानंही. आणि कारखान्यांच्या पाण्यातून येऊ शकणाऱ्या शिसं, कॅडमियम अशा धातूंना ना वास, ना चव. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की शिसं येतं, सुट्या भागांना मुलामा देताना क्रोमियम आणि निकेल, पत्र्यावरच्या थरातून जस्त. यातलं या रानात काय आलंय, किती आलंय, हे माती तपासल्याशिवाय कळणार नाही.

मामांनी माती तपासलेली आहे. घरातून ते मृदा आरोग्य पत्रिका घेऊन येतात.

[दृश्य: पत्रिकेवरून फिरणारं बोट.]

ही योजना 2015 साली सुरू झाली. पत्रिकेवर 12 गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू (म्हणजे माती किती आम्ल, किती अल्क), सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह वगैरे. म्हणजे पिकाला जे लागतं ते. शिसं पिकाला लागतच नाही, म्हणून ते पत्रिकेवर नाही. पत्रिका खोटी नाही. तिला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

जस्ताच्या रकान्यात मात्र 'कमी' असं लिहिलंय. हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

[दृश्य: मोहरीचं फुललेलं रान.]

जमिनीतले धातू झाडांकरवी उपसून काढायचे, ही कल्पना ऐकायला फार गोड आहे. आणि ती खोटीही नाही. पॅसिफिक महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे. तिथल्या एका झाडाची साल खरवडली की निळसर हिरवा चीक गळतो. 1976 साली शास्त्रज्ञांनी तो चीक वाळवून तपासला, तर त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा निघाला निकेल! झाड खणखणीत जिवंत. धातू असा साठवणाऱ्या शेकडो वनस्पती आज माहीत आहेत. 1983 मध्ये अमेरिकेतले मृदाशास्त्रज्ञ रुफस चेनी यांनी मांडलं, की असं पीक घ्यायचं, कापायचं, शेताबाहेर न्यायचं. माती आपोआप साफ होत जाईल.

मग नव्वदच्या दशकात शिशासाठी नाव पुढं आलं ते आपल्या मोहरीचं. फोडणीतल्या. बातम्या आल्या, व्हिडिओ आले, 'मोहरी लावा, विष काढा'.

आता मामांच्या ओसरीवर बसून एक हिशेब करू.

[दृश्य: पाटीवर खडूनं आकडे.]

एक एकर. वरचा अर्धा फूट थर. एवढ्या मातीचं वजन भरतं साधारण 8 लाख किलो. समजा, तिच्यात शिसं जास्त झालंय आणि किलोमागं 100 मिलिग्रॅमनं उतरवायचंय. म्हणजे एकरातून 80 किलो शिसं बाहेर न्यायचं. मोहरीचा वाळलेला पाला नि काड्या मिळून 4 टन निघाल्या, असं धरू. हे सढळ हातानं धरलंय. त्या पाल्यात किलोमागं 100 मिलिग्रॅम शिसं चढलं, तर एका हंगामात निघतं 400 ग्रॅम.

80 किलोला 400 ग्रॅमनं भागा. 200 हंगाम. मोहरी वर्षातून एकदा, म्हणजे 200 वर्षं.

दोनशे वर्षांपूर्वी या रानावर निजामाची सत्ता होती.

[थोडा विराम. मामा हसतात.]

आणि ते 100 मिलिग्रॅम तरी चढेल का? इथं पत्रिकेवरचा तो 'कमी' आठवा. मराठवाड्याच्या काळ्या मातीत जस्त मुळात नसतं असं नाही. असतं, पण ती देत नाही. या मातीतल्या चिकणकणांवर ऋणभार असतो आणि जस्त, शिसं, कॅडमियम यांचे धनभारित कण त्यावर चिकटून बसतात. जोडीला चुनखडी, सामू आठच्या आसपास. इतक्या अल्कधर्मी मातीत हे धातू फारसे विरघळत नाहीत, मग मुळांना मिळणार कुठून? जी माती सोयाबीनला जस्त द्यायला हात आखडते, ती मोहरीला शिसं का देईल? आपण वर्षानुवर्षं जिला खोड म्हणत आलो, तीच खोड इथं राखण करतेय.

बाहेरच्या पुस्तकांत वाचाल, 'धातू असतील तर चुना टाका'. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला तो सल्ला लागू. आपल्या काळीत आधीच चुनखडी आहे. इथं चुना टाकणं म्हणजे समुद्राला मीठ विकणं.

शिसं मोकळं करायचा एक उपाय प्रयोगशाळेला माहीत आहे. ईडीटीए नावाचं रसायन मातीत घातलं की ते शिशाला धरून पाण्यात उतरवतं आणि मोहरीत शिसं भराभर चढतं. 1997 सालच्या प्रयोगात वाळलेल्या पाल्यात दीड टक्क्यापर्यंत चढलं होतं. पण ते रसायन लवकर कुजत नाही. जे मोहरीला सापडलं नाही, ते पाण्याबरोबर खाली जातं. आणि खाली काय आहे?

[दृश्य: उन्हाळ्यातल्या भेगा. कॅमेरा भेगेत उतरतो. मग विहीर.]

काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. वरची माती भेगांत पडते, पावसात जमीन फुगते, भेग मिटते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरत असते. म्हणून वरच्या थरातला धातू वरच राहील, असं धरून चालू नका. त्याखाली मुरूम, फुटका काळा दगड, आणि त्यातच गावाच्या विहिरी आणि बोअर. शेतातलं शिसं मोकळं करून घागरीत आणायचं असेल, तर ईडीटीए हा सरळ रस्ता आहे. आमचं मत स्पष्ट आहे: हा प्रयोग या रानात नको.

मग काय करायचं? बाहेर काढायचं नाही. आहे तिथं डांबून ठेवायचं.

[दृश्य: पऱ्हाट्यांचा ढीग, मातीनं झाकलेला, धुराची बारीक रेघ.]

पऱ्हाट्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा, कुजलेलं शेणखत, कंपोस्ट. हे सगळं धातूला धरून ठेवतं. शिशासाठी स्फुरदही कामाचं: सुपर फॉस्फेटमधला स्फुरद शिशाशी जुळून दगडासारखं घट्ट खनिज बनवतो, मुळांना ते पचत नाही. मात्र जमिनीत आर्सेनिक असेल तर हाच स्फुरद त्याला मोकळं करतो. म्हणून आधी तपासणी, मग पोतं फोडायचं. औष्णिक केंद्राची राख फुकट मिळते म्हणून ओतणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. राखेतही धातू असतात.

क्रोमियमची तऱ्हा निराळी. मुलाम्याच्या कामातून येणारं सहा संयुजेचं, म्हणजे त्याच्या जास्त विषारी रूपातलं, क्रोमियम ऋणभारित असतं. ऋणभाराची काळी माती त्याला धरत नाही, उलट लोटते. शिशाला डांबणारी माती याला मात्र वाट मोकळी करून देते, आणि याच रूपातलं क्रोमियम कर्करोगाला कारण होतं. यावर उतारा मामांच्या कोठीतच आहे.

"हिराकस? ते तर आम्ही ऊस पिवळा पडल्यावर मारतो."

तेच. हिराकशीतलं लोह आणि खतातले सेंद्रिय पदार्थ मिळून सहा संयुजेचं क्रोमियम तीनवर आणतात, आणि ते रूप बरंच निरुपद्रवी, जागचं न हलणारं. किती टाकायची, हे मात्र मातीचा अहवाल पाहूनच.

[दृश्य: वाळ्याची रोपं. गुडघ्याएवढे झुबके, नाल्याच्या काठानं ओळीत.]

आणि हा वाळा. मुळं सरळ खाली जातात, चांगली जमीन मिळाली तर दहा फुटांपर्यंत. धातू बहुतेक मुळांतच अडवतो, पानांत फार थोडा चढू देतो. काठाची माती पावसात वाहून शेजारच्या रानात जाते, ती धरून ठेवतो. उपसणारा नव्हे, हा राखणदार.

मामी रोपं लावायला आल्या आहेत. वाळा बघून त्यांना उन्हाळा आठवला.

"मुळ्या निघाल्या की माठात टाकायला होतील."

नाही मामी. नेमक्या याच मुळ्या नाही. या वाळ्याची मुळी माठात नाही, कुलरच्या जाळीत नाही, अत्तरवाल्याला नाही.

कुठलंही झाड लावलं तरी हे लचांड आहेच. परदेशात धातूच्या जमिनीवर अंबाडी लावून पाहतात, धाग्यासाठी. आपल्याकडं अंबाडी दिसली की आधी भाजीचा वाडगा पुढं येतो. कापूस लावा म्हणावं, तर सरकीची पेंड म्हशीच्या गव्हाणीत. काड्या चुलीत गेल्या तर धूर घरात आणि राख पुन्हा उकिरड्यावाटे रानात. शेळ्यांना तर कुंपणच सांगावं लागेल. पालेभाज्या दाण्यांपेक्षा धातू जास्त ओढतात, त्यामुळे अहवाल येईपर्यंत मेथी, पालक, शेपू बंद. हे सांगायला सोपं आहे. मामांच्या घरी रोजचा पैसा याच जुड्यांतून येतो, ज्वारी वर्षातून एकदाच पिकते.

आणि नाल्यातून नवं येत राहिलं, तर हे सगळं गळक्या रांजणात पाणी भरणं आहे. इंजिन आधी बंद व्हायला हवं. वरच्या कारखान्यांचा पाइप त्याच्याही आधी.

[दृश्य: दुपार. रस्त्यावरचा एसटी थांबा.]

मामांनी तीन थरांतली माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरली आहे. अर्धा फूट, एक फूट, दोन फूट. एक पिशवी नाल्यापासून लांबच्या, विहिरीवरच्या रानातली, ताडून पाहायला. प्रत्येकीत चिठ्ठी. या वेळी अर्जावर शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल अशी नावं लिहून घेतली आहेत.

गाडी येते. कंडक्टर पोत्याकडं बघतो.

"काय हाये यात?"

"माती."

"शहरात माती नाही का मामा?"

"हाये. पण ही आमची हाये."

[गाडी सुटते. मागं नाल्याच्या पलीकडच्या काठाला दुसरं इंजिन सुरू होतं.]