संगीत खुर्ची आणि जागेचं भांडण

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'हार्ड रॉकमधल्या पाच जोड्या : गायक आणि गिटारवादक'. यातला पाच हा आकडा मी फोनवर उत्साहाच्या भरात सांगितला होता, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. आठ वाजता या हॉलमध्ये साखरपुडा आहे आणि फुलवाले मघाशीच दारात येऊन उभे राहिलेत. त्यांना आत बसायला सांगा कुणीतरी.

तुम्ही सगळे हार्ड रॉकच्या गल्लीतले जुने रहिवासी. त्यामुळे डीप पर्पल या बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर' गाण्यामागची गोष्ट, स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोचा कसिनो कसा जळाला, तळ्यावर धूर कसा पसरला, ते सगळं पाठ असेल. ते सोडून देतो. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी गेली वीस वर्षं घरच्यांना सांगतोय. आता घरचे ऐकत नाहीत, म्हणून तुम्ही.

आपण म्हणतो, 'काय जागा घेतली बुवांनी!' गाण्यातली ती जागा आणि बसायची जागा, दोन्हीला आपल्याकडे शब्द एकच. इंग्रजीत बिचाऱ्यांना दोन लागतात. बँड का फुटतात यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत : पैसा, दारू, मॅनेजर, अहंकार. सगळं खरं असेल. पण मुळात भांडण जागेचं असतं. गायकाची ओळ संपल्यावर जे चार ठोके उरतात, ते कुणाचे? इतकंच.

हे मला कसं कळलं, ते सांगतो. १९८४ साल, मी पुण्यात इंजिनियरिंगला. चुलतभाऊ बोटीवर होता, त्याने नव्वद मिनिटांची टीडीकेची कॅसेट पाठवली. एका बाजूला बॉलपेनने लिहिलेलं 'डी. पी. १', दुसऱ्या बाजूला 'डी. पी. २'. बाकी काही नाही. डी. पी. म्हणजे डीप पर्पल, एक बाजू त्यांची 'मशीन हेड' ही रेकॉर्ड, दुसरी 'बर्न', हे आज सांगता येतं. तेव्हा एवढंच कळलं की पहिल्या बाजूचा माणूस किंचाळतो आणि दुसऱ्या बाजूला त्याचा आवाज जड, घोगरा झालाय. मी सिद्धांत मांडला की मधल्या काळात याचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालंय. मेसमध्ये वर्षभर मी हे ठामपणे सांगत होतो. कुणी हरकत घेतली नाही. उलट एकाने आपल्या मामाच्या टॉन्सिलचं उदाहरण दिलं.

मग एका सीनियरने 'बर्न'ची मूळ तबकडी आणली. कव्हरवर पाच मेणबत्त्या, प्रत्येक मेणबत्तीला चेहरा आणि डोक्यावर जळती वात. मागे नावं. गायक 'मशीन हेड'वाला इयन गिलन नव्हताच, डेव्हिड कव्हरडेल नावाचा कुणीतरी होता. बेसवादकही बदललाय, हे माझ्या लक्षात तिसऱ्या दिवशी आलं. आणि हॉस्टेलच्या बँडमध्ये बेस गिटार मी वाजवायचो!

हसा, हसा. हेच माझं दुसरं दुखणं आहे. बेसवाल्याचं कुणाला काही पडलेलं नसतं. १९६९ चा उन्हाळा बघा. डीप पर्पल जेमतेम सव्वा वर्षाचा बँड, रॉड इव्हान्स गायक, निक सिम्पर बेसवर. गिटारवाला रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवाला जॉन लॉर्ड आणि ड्रमर इयन पेस या तिघांनी ठरवलं की गायक बदलायचा. 'एपिसोड सिक्स' नावाच्या बँडमधून गिलनला उचलला. त्याच्याबरोबर त्याचा गीतलेखनातला जोडीदार रॉजर ग्लोव्हर आला, तो बेसवाला, मग सिम्परही गेला. लंडनमधल्या हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये नव्या मंडळींच्या गुपचूप तालमी चालायच्या आणि जुना संच ठरलेले कार्यक्रम करतच होता. म्हणजे घरात नवी सून आलीय आणि जुनीला अजून माहीतच नाही. सिम्परचा दोष काय? तो जोडीचा भाग नव्हता.

आमच्या बँडचंही सांगून टाकतो, म्हणजे जागेचा मुद्दा नीट बसेल. गॅदरिंगला आमच्याकडे अॅम्प्लिफायर एकच होता. गायकाचा माइक त्यातच, गिटारही त्यातच. गिटार वाढवली की आवाज फाटायचा, आवाज वाढवला की गिटार डासासारखी गुणगुणायची. आमचा गायक गिटारच्या सोलोमध्ये 'कम ऑन, पुणे!' असं ओरडायचा. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा गिटारवाल्याने सरळ माइकची पिन उपटली. मी बेस वाजवत राहिलो. तो कशालाच जोडलेला नव्हता, पण मी वाजवत राहिलो. ते दोघं पुढे दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. आता एकमेकांना रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचे मेसेज पाठवतात.

तर पर्पलच्या घरात एकाच अॅम्प्लिफायरची अडचण का आली नाही? जॉन लॉर्डमुळे. त्याचा हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अॅम्प्लिफायरमधून यायचा, गिटारसारखाच घासलेला, खरखरीत. त्यामुळे दुसऱ्या गिटारवाल्याचं सगळं राबणं ऑर्गन करायचा. गाण्याखालची जमीन लॉर्ड आणि पेसने धरलेली. ब्लॅकमोर वाटेल तेव्हा यायला आणि वाटेल तेव्हा जायला मोकळा.

इथे थोडं विषयांतर करतो, पण करणारच. वाद्यांच्या कुठल्याही दुकानात जा, एक मुलगा 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती चार सुरांची ओळ वाजवत असतो आणि चुकीची वाजवत असतो. पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पट्टीने, सा आणि प एकदम दाबून, घर्रर्र. अरे बाबा, ब्लॅकमोर तिथे चौथ्याचं अंतर वाजवतो, सा आणि म, आणि बोटांनी. दोन्ही तारा एकाच क्षणी उचलायच्या. पिकने एक तार आधी वाजते, एक नंतर. बोटांनी दोन्ही एकदम वाजतात, म्हणून तो आवाज दगडासारखा बसतो. माझ्या पुतण्याला मी हे इतक्यांदा सांगितलं की तो आता तबला शिकतो. आणि त्या गाण्याची सुरुवात ऐका : आधी गिटार एकटी, मग ऑर्गन आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या झांजा, मग बाकीचे ड्रम, मग बेस, आणि सगळ्यांची बैठक झाल्यावर गिलन. गायक शेवटचा पाहुणा. हे मांडलेल्या ताटासारखं आहे, प्रत्येकाची वाटी ठरलेली. बेसची वाटी शेवटून दुसरी, ते जाऊ द्या.

आता गिलन आणि ब्लॅकमोर. ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियो, 'मेड इन जपान'. त्यात 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन'मध्ये मधे ड्रमही मागे सरतो आणि दोघांचा सवाल-जवाब सुरू होतो. ब्लॅकमोर दोन सूर टाकतो, गिलन ते गळ्याने परत करतो. गिटार तीन टाकते, गळा तीन परत करतो. मग गिटार असं काहीतरी वाजवते की माणसाच्या गळ्यातून निघूच नये, आणि गिलन तेही काढतो. मी लहानपणी फडावर सवाल-जवाब ऐकलेत. त्यात जिंकायचं असतं, पण समोरच्याने उत्तर दिलं नाही तर तमाशाच संपतो. म्हणजे प्रत्येक सवाल समोरच्याला रिकामी जागा देतो. त्या रात्री दोघं एकमेकांना जागा देत होते.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गिलनने राजीनाम्याचं पत्र दिलं! ठरलेले कार्यक्रम पुरे करून २९ जून १९७३ ला तो बाहेर पडला, तोही ओसाकातच. त्याच्याबरोबर ग्लोव्हरलाही जावं लागलं, कारण ब्लॅकमोरला तो नको होता. गंमत म्हणजे पुढे हाच ग्लोव्हर ब्लॅकमोरच्या 'रेनबो' या नव्या बँडमध्ये बेस वाजवायला आणि रेकॉर्ड काढायला आला. बेसवाला असाच असतो, माहेरी राग धरत नाही.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर कंपनीतून फुटले आणि गंधर्व मंडळी काढली. थोड्याच काळात टेंबेही निघाले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. गाणारा आणि पेटीवाला. आमचे आजोबा यावर तावातावाने बोलायचे, मी ब्लॅकमोरवर बोलतो. घराणं तेच.

काय? चिठ्ठी आली. 'सर, १५ मिनिटे.' बरं. अजून एका जोडीतही अर्धाच आहे मी.

पटापट घेतो. कव्हरडेल इंग्लंडमधल्या रेडकारला कपड्यांच्या दुकानात विक्रेता होता, तिथून थेट पर्पलमध्ये. पण नवा बेसवाला ग्लेन ह्यूज, तोही गाणारा. म्हणजे गाणारे दोन झाले, जागा तेवढीच. वर सोल आणि फंकचा वास येऊ लागला, तो ब्लॅकमोरला मानवला नाही, आणि १९७५ ला तो गेला. कुठे? 'एल्फ' नावाच्या बँडमधला गायक रॉनी जेम्स डिओ त्याला आवडला होता, तर त्याने अख्खा एल्फच उचलून 'रेनबो' काढला, फक्त गिटारवाला सोडून. आणि पहिली रेकॉर्ड झाल्यावर डिओ ठेवून बाकी सगळ्यांना नारळ दिला. डिओ किल्ले, जादूगार, तारे यांवर गायचा. ब्लॅकमोरला रेडिओवर वाजणारी प्रेमगीतं हवी झाली, तेव्हा डिओही गेला, तो ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये, गायक ऑझीच्या जागी. डिओ तिथून निघाल्यावर १९८३ च्या रेकॉर्डला तिथे गायला कोण? गिलन. पुढे गिलन आणि ब्लॅकमोर दोघंही पर्पलमध्ये परतले, आणि १९८९ ला गिलनला तिथून काढलं तेव्हा त्याच्या जागी कोण? रेनबोचा गायक जो लिन टर्नर. याला संगीत खुर्ची म्हणतात. खेळाचं नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण तो माणूस दूरदर्शी होता.

उरलेल्या जोड्या. एसी/डीसी : फेब्रुवारी १९८० मध्ये गायक बॉन स्कॉट वारला आणि जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' आली. हे जमलं, कारण धाकटा भाऊ अँगस गिटार घेऊन उड्या मारत असताना मोठा माल्कम दुसरी गिटार घेऊन मागे उभा राहून जमीन धरून होता. लॉर्डचंच काम, ऑर्गनशिवाय. व्हॅन हेलन : गायक डेव्हिड ली रॉथ १९८५ ला बाहेर पडला, सॅमी हेगर आला, पुढच्याच वर्षीची रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. म्हणजे खुर्ची भरता येते, ओरडणाऱ्यांनी ओरडत राहावं. लेड झेपलिन : गिटारवाला पेज आणि गायक प्लँट, पण १९८० मध्ये ड्रमर बॉनम वारल्यावर त्यांनी बँडच मोडला, कारण जमीनच गेली. माझा मुद्दा यांनीच सिद्ध केला, पण वेळ नाही. आणि ज्यांनी १९७१ ते १९९१ खुर्च्याच हलवल्या नाहीत, त्या क्वीनचा गायक आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येतो, मानधन नको.

फुलवाले आत आले. दोनच मिनिटं. नोव्हेंबर १९९३, बर्मिंगहॅम, पर्पलचा कार्यक्रम. गिलन पुन्हा परत आलेला. 'हायवे स्टार' सुरू झालं आणि ब्लॅकमोर मंचावर नव्हताच. गिटारशिवाय गाणं चाललंय, चौघं वाजवतायत आणि एका बाजूला नुसती उभं राहायची जागा. सोलो आला तेव्हा तो आला. मग कॅमेरामनवर पाणी फेकून आला. त्याच महिन्यात हेलसिंकीला वाजवून तो कायमचा गेला.

एप्रिल १९९५ ला पर्पल मुंबईला आलं. गिटारवर स्टीव्ह मोर्स, अगदी नवा. मी गेलो होतो. त्या कार्यक्रमाचं चित्रण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' नावाने निघालं. आणि हे मुळात 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या एका धुनेचं नाव, जिच्यावरून 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात बेतली आहे. ब्लॅकमोरच्या जागी मोर्स उभा होता आणि माझी नजर सारखी तिकडे. त्याने ती जागा भरायचा प्रयत्नच केला नाही. स्वतःची घेतली. २०२२ पर्यंत टिकला तो, ब्लॅकमोरपेक्षा जास्त. बेस ग्लोव्हरच वाजवत होता. मी मुद्दाम त्याच्या बाजूला उभा होतो.

हार राहू द्या हो, तो साखरपुड्याला लागेल. त्यापेक्षा 'मेड इन जपान'ची कॅसेट लावा, सवाल-जवाबापासून. आणि गिटार थांबेल तिथे कृपा करून टाळ्या वाजवू नका, गिलनची ओळ बाकी आहे.